हृदय चरबीवर चालतं हे खरं, पण बाबांच्या ताटात तूप किती?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला का ते तुम्हालाही दिसेल. बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह बारा वर्षांचा. मार्चमध्ये अटॅक आला, एक स्टेंट बसला, घरी सोडताना टूडी इकोमध्ये पंपिंग, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं जेवढं रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण, ४० टक्के होतं. मामांनी व्हिडिओ पाठवला की हृदयाचा स्नायू चरबीवरच चालतो, तेव्हा रोज तीन चमचे तूप द्या, स्नायूत पुन्हा जोर येईल. आईने नेमकं उलट केलंय. तेल-तूप घरातून हद्दपार, भाज्या पाण्यात शिजवलेल्या. बाबा ताट सरकवून उठतात. आणि तुम्ही विक्रोळी ते चर्चगेट रोजची धावपळ सांभाळून या दोघांमध्ये पंच.

मी सत्तावीस वर्षं हृदयरोग्यांना तपासतेय, आधी परळला आणि आता दादरला. हे भांडण बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर होतंच, कधीकधी पेशंटला बाहेर बसवून. गंमत म्हणजे मामांचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. चुकलाय तो त्यातून काढलेला अर्थ. हृदय काय जाळतं हा एक प्रश्न आणि ताटात काय वाढायचं हा दुसरा. लोकल विजेवर चालते म्हणून प्रवाशांनी घरून बॅटऱ्या आणायच्या नसतात, तार डोक्यावर असतेच.

ती तार कुठली, ते बघू. हृदय मुठीएवढं, वजनाला तीनशे ग्रॅमच्या आसपास, दिवसाला साधारण एक लाख ठोके. आकुंचनासाठी स्नायूला एटीपी नावाचा रेणू लागतो, आणि त्याचा तयार साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो. म्हणजे बनवत राहा आणि वापरत राहा, दिवसभरात काही किलो. पोळीभाजीच्या डब्यासारखं सकाळी भरून ठेवायची सोयच नाही. सामान्य माणसाचं हृदय विश्रांतीत आणि उपाशीपोटी यातली साठ-सत्तर टक्के ऊर्जा फॅटी ॲसिडमधून, म्हणजे चरबीच्या सुट्या तुकड्यांमधून काढतं. उरलेली साखर, लॅक्टेट आणि थोडे किटोन यांतून.

आता हिशेब करू. विश्रांतीत हृदय मिनिटाला पंचवीस-तीस मिलिलिटर प्राणवायू वापरतं. त्यावरून दिवसाची ऊर्जा निघते दोनशे किलोकॅलरींच्या आसपास. एका वडापावात याहून जास्त असते. यातला दोन तृतीयांश वाटा चरबीचा धरला, आणि एक ग्रॅम चरबी म्हणजे ९ किलोकॅलरी, तर दिवसाला चौदा-पंधरा ग्रॅम चरबी झाली. म्हणजे बरोबर तीन छोटे चमचे! मामा म्हणतील, बघा, मी काय सांगत होतो.

पण हे तीन चमचे हृदय ताटातून उचलत नाही, रक्तातून उचलतं. रक्तात फॅटी ॲसिड येतात त्यांची मोठी वाट शरीराच्या साठवणीतून आहे. पोटावरची, कमरेवरची चरबी दर तासाला थोडी थोडी सुटत असते आणि अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनावर बसून हृदयापर्यंत पोचते. जेवणातली चरबीही कणांच्या रूपात रक्तात फिरते आणि स्नायू त्यातूनही घेतो, पण तुम्ही दोन दिवस चमचाभरही तेल खाल्लं नाही तरी हृदयाचं काही अडत नाही. एक किलो शारीरिक चरबीत सात हजारांहून जास्त किलोकॅलरी असतात. बाबांच्या पोटावरची एक किलो चरबी त्यांच्या हृदयाला जवळजवळ दोन महिने पुरेल. मुंबईतल्या साठीच्या मधुमेही माणसाकडे असे किती किलो पडून असतात ते मी सांगायला नको.

हृदय इंधन किती चटकन बदलतं हे मला पुस्तकापेक्षा पेट स्कॅनने जास्त पटवलं. सारकॉइडोसिस नावाच्या आजारात हृदयाच्या स्नायूत सूज आहे का ते बघायला किरणोत्सारी साखर टोचून स्कॅन करतात. अडचण अशी की निरोगी स्नायूनेही साखर उचलली तर सगळंच हृदय उजळतं आणि सूज शोधता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी पेशंटला भरपूर चरबीचं आणि जवळजवळ शून्य पिठूळ पदार्थांचं जेवण देतात, अंडी, पनीर, मासे वगैरे, आणि मग रात्रभर उपाशी ठेवतात. निरोगी स्नायू चरबीवर जातो, साखरेकडे ढुंकून बघत नाही, चित्रात काळोख दिसतो. सूज आलेला भाग तेवढा चमकतो. माझ्या एका पेशंटने सगळं नीट पाळलं, पण संकष्टी होती म्हणून रात्री चंद्र बघून दोन मोदक खाल्ले. सकाळी स्कॅनमध्ये हृदय दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं पेटलेलं. पैसे गेले, तपासणी पुन्हा. दोन मोदकांच्या साखरेने आणि त्यामागून आलेल्या इन्शुलिनने हृदयाचं इंधन बदललं होतं.

या अदलाबदलीचं सूत्र १९६३ साली केंब्रिजच्या फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. चरबी जास्त जळत असेल तर साखरेचं जळणं दबतं आणि उलटही. निरोगी हृदय दोन्ही चुलींवर स्वयंपाक करू शकतं, जे हाताशी असेल ते. ही लवचिकता हीच त्याची खरी ताकद.

बाबांची गोष्ट इथे वेगळी होते. दीर्घकाळच्या मधुमेहात इन्शुलिनचा अंमल कमी पडतो, त्यामुळे साठवणीतली चरबी जास्त सुटत राहते आणि हृदयावर तिचा मारा होतो. साखर उचलायचं दार अर्धवट बंद, चरबीचं सताड उघडं. मधुमेही हृदय मुळात गरजेपेक्षा जास्तच चरबीवर चालत असतं. जळून उरलेली चरबी स्नायूच्या पेशीत थेंबांच्या रूपात साठते, आणि तिच्यापासून बनणारी सेरामाइडसारखी काही द्रव्यं पेशीला त्रासदायक ठरतात. वर आणखी एक मेख आहे. तेवढंच एटीपी बनवायला चरबीला साखरेपेक्षा दहा-बारा टक्के जास्त प्राणवायू लागतो. धडधाकट रक्तवाहिन्या असतील तर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे रक्ताचा पुरवठाच तंग आहे तिथे तो मोजावा लागतो.

बाबांच्या गोळ्यांत ट्रायमेटाझिडिन आहे का बघा, आपल्याकडे छातीत दुखणाऱ्या बऱ्याच पेशंटना ती दिलेली असते. ती गोळी हृदयात चरबी जाळण्याची एक पायरी रोखते आणि स्नायूला साखरेकडे ढकलते. म्हणजे मामा म्हणतात चरबी वाढवा आणि गोळी म्हणते चरबी कमी जाळा. तिचा परिणाम माफक आहे, मी तिची जाहिरात करत नाहीये. व्हिडिओतलं गणित किती अपुरं आहे एवढंच त्यातून दिसतं. खूप कमकुवत झालेल्या हृदयात तर चरबी जाळण्याची यंत्रणाच मंदावते. तिथे इंधन समोर असून भट्टी नीट पेटत नाही. अशा भट्टीत आणखी लाकडं कोंबून आग वाढत नाही, धूर वाढतो.

आता नळीकडे येते, कारण बाबांना अटॅक आला तो स्नायूला इंधन कमी पडलं म्हणून नव्हे, स्नायूला रक्त पोचवणारी नळी बंद झाली म्हणून. खाण्यातल्या चरबीचा हृदयावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पक्का सिद्ध झालेला परिणाम या वाटेने होतो. तूप, लोणी, साय, खोबरेल, पाम तेल यांतली सॅच्युरेटेड चरबी यकृताच्या पेशींवरच्या एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, पकडणाऱ्या हातांची संख्या कमी करते. रक्तातलं एलडीएल उचललं जात नाही, फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं नळीच्या अस्तरात शिरत राहतं. स्टेंट बसवला ती जागा आम्ही उघडली, बाकीच्या नळ्या त्याच माणसाच्या आहेत.

म्हणून तुपाचं गणित असं. पाच ग्रॅमच्या छोट्या चमच्यात तीन ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड चरबी. बाबांच्या वयाच्या, बेताने हिंडणाऱ्या माणसाचा आहार सोळाशे किलोकॅलरींचा धरला, तर एकदा अटॅक येऊन गेलेल्यांत मी दिवसाची मर्यादा दहा-अकरा ग्रॅमवर ठेवते. मामांचे तीन चमचे म्हणजे नऊ ग्रॅम तिथेच संपले. आणि आपल्या घरांत चमचा म्हटलं की कुठला, हाही प्रश्नच. मी पेशंटच्या बायकोला घरचा चमचा आणायला सांगते तेव्हा निम्म्या वेळा पर्समधून आमटी वाढायची पळी निघते. शिवाय दिवसातून तीन-चार चहा पिशवीतल्या फुल क्रीम दुधाचे असतील तर दोनशे मिलिलिटर दुधातूनच सात ग्रॅमच्या पुढे सॅच्युरेटेड चरबी जाते, आणि ती कुणीच मोजत नाही. दूध टोन्ड केलं तर निम्मी कमी. तुपाच्या एका चमच्यावरून घरात महाभारत आणि दुधाची पिशवी बिनबोभाट, हे मी फार बघितलंय.

पंपिंगबद्दल एक खुलासा करते, कारण सगळी भीती त्या ४० च्या आकड्याची आहे. तो आकडा अटॅकच्या ताज्या दिवसांतला आहे. त्या वेळी काही स्नायू मेलेला असतो, त्याचा व्रण होतो, आणि तो कुठल्याही खाण्याने परत जिवंत होत नाही. पण त्याच्या आजूबाजूचा बराचसा स्नायू नुसता सुन्न झालेला असतो. रक्तपुरवठा पूर्ववत झाला आणि गोळ्या नीट चालू राहिल्या की काही आठवड्यांत तो हालचाल करायला लागतो. तीनेक महिन्यांनी पुन्हा इको करतात तो त्यासाठीच. झाला नसेल तर करून घ्या. माझ्याकडे एक गृहस्थ होते, पंपिंग ३५ वरून ५० वर गेलं. ते आजही भेटेल त्याला सांगतात की सकाळी अनशापोटी तुपात घोळवलेले दोन खजूर खाल्ले म्हणून हे झालं. त्यांच्या पाच गोळ्यांचं नावही घेत नाहीत. असे लोक व्हिडिओ करतात. गोळ्यांनी बरे झालेले लोक व्हिडिओ करत नाहीत.

एवढं वाचून आई जिंकल्या असं वाटेल. तर तसंही नाही.

तेल-तूप पूर्ण बंद केलं की पोट भरायला काय वाढतं, ते आठवडाभर लिहून काढा. माझ्या अनुभवात हमखास सापडतं ते असं: चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, कारण ते कोरडे दिसतात, म्हणजे त्यात तेल नाही असं वाटतं. भाजीला चव नाही म्हणून एक पोळी जास्त. भात जास्त. दुपारी मारी बिस्किटं. खारीचे पापुद्रे सुटतात ते चरबीच्या थरांमुळे, पिठाच्या प्रेमामुळे नव्हे. आणि जादा पिठूळ पदार्थ व साखरेपासून यकृत स्वतःच चरबी बनवतं, तीही बहुतांशी सॅच्युरेटेड जातीची. आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, जास्त आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी, ही जोडी वारंवार दिसते. त्याला तुपाइतकाच हा भात-बिस्किटांचा डोंगर कारणीभूत असतो. मधुमेह असेल तर जास्तच.

दुसरं, हृदयाला एक चरबी खरंच बाहेरूनच हवी असते. पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांच्या, म्हणजे मायटोकाँड्रियांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक पदार्थ असतो. १९४२ साली मेरी पँगबॉर्न यांनी तो गायी-बैलांच्या हृदयातून वेगळा काढला, म्हणून नावात कार्डिओ. ऊर्जा बनवणारी यंत्रं त्याच्या आधाराने जागेवर बसलेली असतात. माणसाच्या हृदयात हे कार्डिओलिपिन मुख्यतः लिनोलेइक ॲसिडपासून बनतं, आणि ते आपलं शरीर तयार करू शकत नाही. ते येतं करडई, सूर्यफूल, शेंगदाणा, सोयाबीन, तीळ यांच्यातून. तुपात ते अगदी थोडं. म्हणजे स्नायूच्या बांधणीसाठी चरबी हवी, यात मामा पुन्हा अर्धे बरोबर. फक्त ती त्यांनी सांगितलेली चरबी नाही, आणि लागते तीही थोडी. दाणे-तीळ पोटात जात असतील तर चार दिवसांच्या बिनतेलाच्या भाजीने कुणाच्या कार्डिओलिपिनचं काही बिघडत नाही, आईला घाबरवू नका.

मग तेल कोणतं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढचा तोच येतो. आपल्याकडे देशावरच्या घरांत शेंगदाणा आणि करडई पूर्वापार आहेत. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक, साधारण तिसरा हिस्सा लिनोलेइक. करडईत तीन चतुर्थांश लिनोलेइक. दोन्ही चालतात, आलटून पालटून वापरलीत तर छानच. जवसाची चटणी घरात असू द्या, तिच्यात ओमेगा-३ चा वनस्पतीजन्य प्रकार भरपूर. कोकणातल्या घरांत ओल्या नारळाशिवाय जेवण होत नाही, त्यांना मी नारळ बंद करायला सांगत नाही. वाटणात चव येण्यापुरता ठेवा म्हणते. खोबरेल तेलाची फोडणी मात्र नको, त्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास सॅच्युरेटेड चरबी आहे. लाकडी घाण्याचं तेल महाग आहे, वास सुंदर आहे, पण त्यातली चरबी तीच. आणि बाटलीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, ते छापणं म्हणजे केळ्यावर 'बिनहाडाचं' लिहिण्यासारखं.

मोहरीच्या तेलाची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण चरबी थेट हृदयाच्या स्नायूवर काय करते याचं ते एक जुनं उदाहरण आहे. त्यात इरुसिक ॲसिड असतं, आपल्याकडच्या पारंपरिक मोहरीत तर चाळीस टक्क्यांच्या पुढे. उंदरांना ते भरपूर दिल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबीचे थेंब साठलेले दिसले. त्या धसक्याने कॅनडात १९७० च्या दशकात मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडची कमी इरुसिकची जात तयार झाली, तीच आजची कॅनोला. अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. पण उंदराचं हृदय हे ॲसिड नीट जाळू शकत नाही, माणसाचं त्या मानाने बरं जाळतं, आणि बंगाल-बिहारमध्ये पिढ्यान् पिढ्या खाणाऱ्यांत असा स्नायूचा आजार सिद्ध झालेला नाही. माझ्याकडच्या बिहारी आणि बंगाली पेशंटना मी सवयीचं तेल बदलायला लावत नाही. मराठी पेशंटने हृदयासाठी म्हणून ते मुद्दाम सुरू करावं असंही काही नाही.

ज्याबद्दल मी बिलकूल सौम्य नाही ती ट्रान्स चरबी. तिचा इतिहास आपल्या शहराशी जोडलेला आहे. शिवडीला १९३० च्या दशकात वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला. गरिबाघरचं तूप म्हणून ते घरोघरी गेलं, माझ्या आजीच्या फडताळात पिवळा डबा होताच. तेलात अर्धवट हायड्रोजन भरून ते घट्ट करताना जी ट्रान्स चरबी तयार होते ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते, दोन्हीकडून मार. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात तिची मर्यादा दोन टक्के आहे, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. पण बेकरीत तिच्या जागी बऱ्याचदा पाम तेलाची घट्ट चरबी आली, म्हणजे नानकटाई आणि पफ निर्दोष झाले असं समजू नका. आणि कढईतलं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वेगळीच द्रव्यं साचतात. नियम आहे की त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल फेकायचं. स्टेशनबाहेरच्या कढईत ते कोण मोजणार? तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर पुढे चला.

मासे खात असाल तर काम सोपं आहे. बांगडा आणि तारली, हे दोन स्वस्त मासे, यांच्यात ओमेगा-३ चे ईपीए आणि डीएचए हे प्रकार चांगल्या प्रमाणात असतात. पापलेटच्या मागे लागायची गरज नाही. ईपीए आणि डीएचए हृदयाच्या पेशीच्या पडद्यात जाऊन बसतात आणि तिथल्या विजेच्या वागण्यावर त्यांचा परिणाम होतो. आठवड्यातून दोनदा, कालवण करून किंवा तव्यावर थोड्या तेलात. रवा लावून तळलात तर फायदा रव्याने आणि तेलाने खाल्ला. ओमेगा-३ च्या कॅप्सूल मात्र स्वतःहून आणू नका. इटलीत अटॅक येऊन गेलेल्या अकरा हजारांवर लोकांवर झालेल्या अभ्यासात, १९९९ साली, कॅप्सूलने अचानक मृत्यू कमी झालेले दिसले. पण नंतरच्या काळात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या वगैरे सगळ्यांना मिळू लागल्यावर बहुतेक अभ्यासांत तसा फायदा टिकला नाही, आणि मोठ्या मात्रेने एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची बेताल गडबड, वाढते हे दिसलं. पंपिंग ४० असलेल्या माणसाला तीच गडबड सगळ्यात महागात पडते.

आता ज्यावर तुमच्या घरात कुणीच बोललेलं नाही ते. पंपिंग कमी असताना चरबीची चूक वर्षांत भोवते, मिठाची चूक दोन दिवसांत. लोणचं, पापड, सुकट, सुके बोंबील, फरसाण, वेफर्स. आईने तेल बंद करून चवीसाठी भाजीत मीठ वाढवलं असेल, आणि बिनतेलाच्या घरांत हे फार होतं, तर भलत्याच दरवाजाने चोर आला. दिवसभराचं मिळून एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, याच्या आत ठेवा. बाबांचं वजन रोज सकाळी एकाच काट्यावर बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर व्हिडिओ नाही, डॉक्टर.

आणि मामांचा पुढचा व्हिडिओ किटोचा, म्हणजे भात-पोळी जवळजवळ बंद करून चरबीवर राहण्याच्या आहाराचा असणार, म्हणून आधीच सांगते. बाबांना डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असण्याची बरीच शक्यता आहे, मधुमेह आणि कमी पंपिंग दोन्हींना ती उपयोगी पडते. ती घेत असताना भात-पोळी पूर्ण तोडली किंवा कडक निर्जळी उपवास केला, तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो. ग्लुकोमीटर बऱ्यापैकी आकडा दाखवतो आणि माणूस उलट्या करत, धापा टाकत अतिदक्षता विभागात येतो. आषाढी, नवरात्र, काहीही असो, उपवासाआधी गोळीबद्दल विचारा.

मी आईच्या जागी काय वाढेन, तर साधं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला तीन छोटे चमचे. आईने महिन्याची बाटली वेगळी काढली की मोजणं संपलं. त्यात रोजची फोडणी आरामात बसते, मोहरी-जिरं तडतडू द्या. तूप एक छोटा चमचा, दुपारच्या वरण-भातावर, बाबांच्या डोळ्यांदेखत वाढायचं, म्हणजे त्यांना दिसतं आणि वासही येतो. साठ वर्षांची जीभ आहे, तिला काहीतरी द्यावंच लागतं. भात एक मूद, वरण दोन वाट्या. खारी-टोस्टच्या जागी मूठभर भाजके दाणे किंवा फुटाणे, मीठ न लावलेले. लग्नाच्या पंगतीत जेवले तर लगेच जिना चढायचा नाही, दादर स्टेशनचा पूल तर नाहीच. जड जेवणानंतर तास-दोन तास हृदयावर आधीच काम वाढलेलं असतं.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकते. माझ्यासमोर बाबांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, नाही. अटॅक आलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं असं मी बघते. ते स्टॅटिनवर तिथे पोचलं असेल तर तुपाच्या एका चमच्यावरून भांडू नका. ९० असेल तर तो चमचाही काही महिने थांबवा आणि गोळीची मात्रा वाढवायची का ते विचारा, कारण नुसत्या पथ्याने एवढी उतरण सहसा होत नाही. वजन फार उतरलं असेल, भूक मेली असेल, तर आईचं कडक पथ्य आजच सोडा. मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले असतील तर डाळी-दाण्यांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर दिसले, तर वरचं तेल-तुपाचं गणित बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तिथे पहिला धोका हृदयाला नसतो, स्वादुपिंडाला असतो.